आंबेमोहोराचा वास

पौडाच्या पुढे मुळशीचा रस्ता धरला की आषाढात माणूस कोरडा परत येत नाही. गेल्या वर्षी ताम्हिणीच्या अलीकडे आमचीही तीच गत झाली. छत्री उलटली, दात वाजू लागले. आणि रस्त्याकडेच्या झोपडीत एका म्हातारीने दिलेला गुळाचा कोरा चहा आम्ही दोन पेले प्यालो. अमृत म्हणतात ते हेच, अशी आमची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. पोटभर जेवून परतताना तोच चहा मुद्दाम पुन्हा मागितला, तो पहिल्याच घोटास धुरकट लागला. उरलेला आम्ही म्हातारीची नजर चुकवून गवतात ओतला.

मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९७१ साली या गोष्टीची उपपत्ती मांडली. अंग तापलेल्याला हातावरचे गार पाणी सुखवते, गारठलेल्याला तेच नकोसे होते. उपाशीपोटी रुचलेले साखरेचे पाणी पुष्कळ साखर पोटात गेल्यावर नकोसे वाटते. जिभेला गोडी कळते, पण सुख मात्र उरत नाही. शरीराला जे हवे, तेच त्या घटकेला गोड! आम्ही मात्र रसिकतेवर वर्गात आजवर पुष्कळ व्याख्याने झोडली आहेत. असो.

हे ज्ञान आम्हांस चार वर्षे आधी व्हावयास हवे होते. आमच्या आईचे आजोळ मुळशी खोऱ्यातले. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी तिच्या आजोबांची भातखाचरे धरणाखाली गेलीच. आंबेमोहोर शिजू लागला की आई हातातले काम टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राही. म्हणून तिच्या अखेरच्या दुखण्यात आम्ही मुळशीहून तो तांदूळ आणविला, मऊ भात करविला, वर साजूक तूप घातले. ताट जवळ नेताच तिने पदर नाकाशी धरला.

“तो वास लांब ने रे.”

आम्ही रागावलो. एवढ्या लांबून आणला, असे काहीसे बोललोही. तिने निमूटपणे दोन घास घेतले, आणि ते पोटात ठरले नाहीत. मग तिने मागितले ते ओठांवर फिरवायला ओले फडके. त्याने मात्र तिचा चेहरा निवला.

तेराव्यानंतर डब्यात उरलेला तो तांदूळ घरात शिजला. आम्ही सकाळपासून उपाशी होतो. वास फार सुंदर आला, आणि आम्ही दोनदा भात वाढून घेतला.