शिरूरचे विमान, दौंडची कानस

गेल्या वर्षी शाळेची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली आणि आठवीतला आमचा धाकटा युद्धातल्या यंत्रांचे वेड घेऊनच शिरूरला परतला. पुढे त्याच्या खालाने शारजाहून येताना एक खोका आणला. त्यात दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन या लढाऊ विमानाचे सुटे भाग होते. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे हे विमान. खऱ्या हरिकेनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.१९ मीटर, आमच्याचे जेमतेम १७ सेंटिमीटर.

आम्हाला वाटले, दोन संध्याकाळी बसलो की जोडून होईल. पण मुलगा म्हणाला, “हे इंग्लंडचं आहे. मला लतीफसाहेबांचं करायचंय.”

लतीफसाहेब म्हणजे एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. जन्म १९२३, हैदराबादचा. १९४२ साली ते वायुदलात अधिकारी झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी हरिकेन उडवले. १९७८ ते १९८१ ते भारताचे वायुसेनाप्रमुख होते. त्यानंतर १९८२ ते १९८५ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. त्या काळात त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ यांनी धारावीच्या वस्तीत काम केले. राज्यपाल म्हणून त्यांचे नाव आम्हाला आठवत होते, विमानाचे मात्र मुलानेच सांगितले.

खोक्यातले विमान १९४०च्या घडणीचे होते. त्याच्या पंखांत आठ मशीनगन होत्या. ब्रह्मदेशात लढलेल्या हरिकेनच्या एका प्रकारात त्यांच्या जागी २० मिलिमीटरच्या चार तोफा असत. धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून नाकाखाली हवेच्या गाळणीचा मोठा फुगवटा असे. पंखावरच्या गोल चिन्हातला लाल रंगही तिकडे काढून टाकला होता, कारण जपानी विमानावर लाल गोळा असायचा आणि घाईत आपलेच विमान शत्रूचे वाटायचे. म्हणून गडद निळ्या गोलात फिकट निळा ठिपका. एवढे सगळे बदलायचे होते.

तोफांसाठी खाच पाडायला आम्ही सुरी तापवली आणि डाव्या पंखाची पुढची कड वितळून गेली. मुलगा रडला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “बडे अब्बांना दाखवू?”

घरात शांतता पसरली. दौंडचे आमचे थोरले भाऊ रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त आहेत. अब्बांच्या पश्चात शिरूरच्या घराची वाटणी निघाली. दोन खोल्या आणि रस्त्याकडेचा एक गाळा, एवढीच ती इस्टेट. पण शब्दाला शब्द लागला आणि दोन वर्षे आमचे बोलणे बंद होते. ईदसुद्धा तशीच गेली. आम्ही काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून अम्मीचा आवाज आला, “दाखव रे बाळा.”

शनिवारी त्याला दौंडच्या एसटीत बसवून दिले. संध्याकाळी फोन वाजला. दोन वर्षांनी भाईजानचा आवाज.

“पोराला आज ठेवून घेतो. पण हे एकट्याचं काम नाही. एकानं धरायचं, एकानं घासायचं. उद्या या. आणि अम्मीला घेऊन या.”

आम्ही गेलो. भाभींनी चहा ठेवला. घराचा विषय कोणी काढला नाही. ओसरीवर टेबल, त्यावर कानशी, पकड, पॉलिश पेपर मांडून ठेवलेले. भाईजाननी पंखाची वितळलेली कड सरळ कापून काढली, तिथे प्लॅस्टिकच्या फूटपट्टीची चिप चिकटवली आणि ती वाळल्यावर मूळ पंखाच्या गोलाईला येईपर्यंत घासली. उजव्या पंखातली मशीनगनची भोके एम-सीलने बुजवली. तोफांच्या नळ्यांसाठी दवाखान्यातून आणलेल्या नव्या सुयांची टोके दगडावर घासून बोथट केली. खऱ्या तोफेच्या नळीवर स्प्रिंग दिसते. ती दाखवायला पंख्याच्या वाइंडिंगची बारीक तार सुईवर गुंडाळली. हवेची गाळणी जुन्या टूथब्रशच्या दांड्यातून कोरली.

या प्रकारचे नाकही थोडे लांब होते. आमच्या मापात फरक पडत होता दीड-दोन मिलिमीटरचा. आम्ही म्हणालो, “राहू द्या भाईजान, कोण बघतंय?”

“रेल्वेत असं म्हणून चालत नाही,” ते म्हणाले, आणि नाक कापायला घेतले.

असे पाच रविवार गेले. एका रविवारी घासता घासता मुलाने वाचलेली गोष्ट सांगितली. फाळणीच्या वेळी लतीफसाहेबांना दोन्हीपैकी एक देश निवडायचा होता. असगर खान आणि नूर खान हे त्यांचे वायुदलातले मित्र. दोघेही पुढे पाकिस्तानच्या वायुदलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफसाहेबांना तिकडे बोलावले. साहेबांनी सांगितले की धर्म आणि देश या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते इथेच राहिले.

भाईजाननी कानस खाली ठेवली. “दोस्तांना नाही म्हणणं सोपं नसतं,” एवढेच म्हणाले.

आम्हाला मान वर करवेना. त्या लोकांपुढे अख्खा देश वाटायचा प्रश्न होता. आमच्यापुढे दोन खोल्या आणि एक गाळा.

शेवटच्या रविवारी रंग दिला, वरून हिरवा आणि मातकट. चिकटपट्टीला पंचिंग मशीनने भोक पाडले आणि त्यातून निळा गोल उमटवला. खोक्यात वैमानिकाची इवलीशी आकृती होती. ती बसवू का, असे मुलाने विचारले, तेव्हा अम्मी म्हणाली, “पुतळा नको. खुर्ची रिकामी राहू दे. ज्याला बसायचंय त्यानं अभ्यास करावा.” सगळे हसले. भाईजानही हसले.

यंदाच्या ईदला भाईजान आणि भाभी शिरूरला आले. नमाजनंतर दोघे भाऊ त्या गाळ्याच्या पायरीवर बराच वेळ बसलो. वाटणीचा कागद अजून झालेला नाही. अम्मी आहे तोवर घर आहे तसेच ठेवायचे, एवढे ठरले. विमान अम्मीच्या कपाटावर आहे. जवळून पाहिले तर डाव्या पंखावर फूटपट्टीचा सांधा अजून कळतो.

मुले मोबाइल सोडत नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो. त्यांच्या हाती असे एखादे काम द्यावे, जे एकट्याने पुरे होत नाही आणि ज्यासाठी घरातल्या जाणत्या माणसाकडे जावेच लागते. आमच्या मुलाला त्याचे विमान मिळाले. आम्हाला दौंडचा रस्ता पुन्हा मिळाला, अल्हमदुलिल्लाह.