माळवदाचा कठडा



नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष घरावर येणार नाही, असे अनुवाद 22:8 मध्ये सांगितले आहे. आमच्या अफजलपूरकडे माळवदाची घरे; ही आज्ञा समजावून सांगावी लागत नाही.

नाताळाला संडे स्कूलचे फुगे भरण्याची सेवा माझ्याकडे असते. तिथला कठडा असा: सिलिंडर उभा, खांबाला साखळीने बांधलेला. दारे-खिडक्या उघड्या. आधी रेग्युलेटर बसवायचा, मग व्हॉल्व्ह हळू उघडायचा. काम संपले की बंद. हेलियम पेटत नाही, हायड्रोजन पेटतो. म्हणून आत काय आहे ते विचारूनच सिलिंडर घेते.

आवाज बारीक व्हावा म्हणून मुले गॅस ओढू पाहतात. मी ओढू देत नाही. हेलियम विषारी नाही, पण फुफ्फुसांत ऑक्सिजनची जागा घेतो. दोन-चार श्वासांतही माणूस बेशुद्ध पडू शकतो. थेट सिलिंडरमधून ओढला, तर दाबाने फुफ्फुसच फाटू शकते.

मुले हिरमुसतात. हिरमुसू देत. त्यांच्यातला श्वास देवाने दिलेला आहे. तो राखणे हीसुद्धा उपासनाच.

तुमच्या मंडळीत हा कठडा कोण घालतो? प्रभू आपल्याला सावध प्रीती देवो. आमेन.