नाणी डागणारी तोफ आणि एकाच काडतुसाची रायफल

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याशी एक आख्यायिका निगडित आहे. १५९५-९६ च्या हिवाळ्यात शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगाने तटाला खिंडार पडले. तोफगोळे संपले, तेव्हा चांदबिबीने आधी तांब्याची, मग चांदीची आणि अखेर सोन्याची नाणी तोफांत भरून डागली, असे सांगतात.

हे अक्षरशः घडले की नाही, हा वाद बाजूला ठेवू. पण ते अशक्य नव्हते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांचा मारा केल्याचे फिरिश्ता लिहितो. त्या काळची तोफ तोंडाकडून भरली जाई आणि तिची नळी आतून गुळगुळीत असे. दारूवर गोळा, दगड, खिळे किंवा नाणी, काहीही ठासता येई.

रायफलीला ही मुभा नाही. तिच्या नळीच्या मागच्या टोकाला चेंबर असते. हा पोकळ भाग एका विशिष्ट काडतुसाच्या आकाराप्रमाणे कोरलेला असतो. बार उडताच काडतुसाचे पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि तप्त वायू मागे येऊ देत नाही. कवच आणि चेंबर यांचा मेळ बसला नाही, तर पितळ फाटते आणि वायूचा झोत नेमबाजाच्याच चेहऱ्यावर येऊ शकतो.

बाह्यरूप येथे फसवे ठरते. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ‘२ए’ रायफल जुन्या ‘३०३’ची जुळी बहीण वाटते. परंतु ३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ते त्याच कडेवर चेंबरमध्ये टेकते. २ए चे ७.६२ मिमीचे काडतूस मात्र बिनकडेचे असते. आकडाही तितकाच फसवा. एसएलआर आणि एके-४७ या दोन्ही ‘७.६२’च्या, पण पहिलीचे कवच ५१ मिमी लांब, तर दुसरीचे ३९. एकीचे काडतूस दुसरीला चालत नाही.

या मापाचे राजकीय मोल ब्रिटिशांनी अचूक ओळखले होते. लष्कराचे ३०३ बोअर नागरिकांना निषिद्ध झाले आणि हिंदुस्थानच्या बाजारासाठी ‘३१५’ बोअरच्या रायफली आल्या. दिसायला लष्करी रायफलीसारख्याच, पण चेंबर निराळे. सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस त्यांत उपयोगाचे नव्हते. नावातला फरक इंचाच्या अवघ्या १२ सहस्रांशाचा! स्वातंत्र्यानंतरही ३०३ निषिद्धच राहिले आणि परवानाधारकाच्या हाती ३१५.

शस्त्रास्त्रांचा इतिहास वाचताना आपण पल्ला आणि वेग मोजतो, अवलंबित्व मोजत नाही. वेढ्यात सापडलेल्या गडाला निदान आपला खजिना तोफेत घालता येत होता. रायफलधारी सैनिकाला मात्र खजिना असूनही उपयोग नाही. त्याला नेमके तेच काडतूस हवे असते, आणि ते दूरच्या कारखान्यातून येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला, तो याच नव्या युगात. तेव्हापासून बंदूक कोणाच्या हाती आहे, याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरला : तिचे काडतूस कोण बनवतो?