कोरी चौकट म्हणजे ‘नाही’ नव्हे



गेल्या चैत्री आयंबिल ओळीची यादी माझ्याकडे होती. नऊ दिवस, एकच वेळ जेवण, तेही तेल-तूप, दूध-दही, साखर-गुळाशिवाय. म्हणून नाव आणि वयाबरोबर एक रकाना ठेवला होता: ‘शुगर-बीपीची गोळी चालू आहे का?’ काहीजणींनी तो कोराच सोडला. मोबाईलमध्ये यादी उतरवताना मी तिथे सरळ ‘नाही’ भरलं. कोरं बरं दिसत नाही ना!

तिसऱ्या दिवशी स्थानकात एका मावशींना चक्कर आली. शुगरची गोळी सकाळी घेतली होती आणि पोटात दुपारपर्यंत काही नव्हतं. चष्मा घरी राहिला म्हणून त्यांनी रकाना सोडला होता, एवढंच. मावशी सावरल्या. मला मात्र रात्रभर झोप नाही.

माझी लेक पुण्यात मोबाईल ॲप बनवायला शिकते. तिला फोन केला तर म्हणाली, “मम्मी, आमच्याकडे ह्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, ‘नाही’ पण नाही. माहितीच नाही.”

टोनी होअर नावाच्या इंग्रज संशोधकाने 1965 मध्ये एका संगणकभाषेत हा ‘नल’ आणला, करायला सोपा म्हणून. पुढे 2009 मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कारण आत काहीतरी आहे असं धरून प्रोग्राम हात घालतो आणि बंद पडतो.

लेक शिकते त्या कोटलिन भाषेत जिथे जागा रिकामी असू शकते, तिथे आधीच प्रश्नचिन्ह लावावं लागतं. मग रिकामं निघालं तर काय करायचं ते लिहिल्याशिवाय ती किंमत वापरताच येत नाही, प्रोग्राम तयारच होत नाही. बदली किंमतही देता येते. “पण ती विचार करून द्यायची,” लेक म्हणाली. “तू ‘नाही’ दिलीस. भाषेने ते चालवून घेतलं असतं, मावशींच्या तब्येतीने नाही घेतलं.”

मला आपली जयणा आठवली. पाणी स्वच्छ दिसलं तरी आपण गाळूनच घेतो. दिसत नाही म्हणजे जीव नाही, असं आपण कधी धरत नाही. मग माणसाच्या बाबतीत मी कसं धरलं?

मावशींच्या घरी जाऊन मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, “अगं, विचारायचं होतंस फक्त.”

आश्विनातल्या ओळीला मी तीन पर्याय ठेवले: हो, नाही, विचारायचं आहे. तिसऱ्यात एक जरी नाव उरलं, तरी यादी पुढे द्यायची नाही. आधी फोन करायचा. तुमच्याकडे यादी असेल तर तुम्हीही एवढं करा.