खडी फोडायला

"नीट वागला नाहीस तर खडी फोडायला जाशील," ही धाक घालायची रीत आमच्याकडे जुनी. खडी म्हणजे तुरुंग, हा अर्थ कोणी वेगळा शिकवला नाही. पुढे वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या पाहिल्या आणि त्या वाक्याशी माझं बिनसलं.

यवतमाळ जिल्हा बहुतेक काळ्या दगडाचा. वणीकडे निघालं की या काळ्या दगडाचं पांघरूण विरत जातं. खालचा जुना चुनखडक उघडा पडतो आणि त्याच मुलखात कोळसाही सापडतो. राजूरच्या नावाला तर 'कॉलरी' कायमची चिकटली आहे. दगड आणि जळण एकमेकांच्या शेजारी, म्हणून इथे भट्ट्या पेटल्या. चुनखडीचा थर, कोळशाचा थर, पुन्हा चुनखडी. नऊशे अंशांच्या आसपास दगडातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, तापतो, फुलून त्याचं पीठ होतं. पानाला लागतो तो चुना, पोळ्याच्या आधी भिंतीला लागतो तोही चुना. पण भट्टीआधी दगड फोडावा लागतो आणि तो माणूस फोडतो.

इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत या जिल्ह्याचं नावच वणी होतं. कचेरी मात्र यवतमाळला. कचेरी आली की कोर्ट येतं आणि कोर्टामागून तुरुंग येतो. वणीकडे नाव राहिलं, तेही पुढे गेलं.

या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. यवतमाळला त्यांनी वकिली केली. लोकांनी त्यांना लोकनायक म्हटलं. १९३० साली देश मिठासाठी उठला, तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडाने जंगल निवडलं. रानातलं गवत कापायलाही सरकारची परवानगी लागायची आणि गुराढोरांवर जगणाऱ्या शेतकऱ्याला तो जाच रोजचा होता. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापलं. त्याबद्दल त्यांना कैद झाली. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. टिळकांवरच्या त्यांच्या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांच्या हातातला तो विळा आठवतो.

गवत कापणं हे कुठल्याही कुणब्याचं रोजचं काम. कायद्याने त्याचा गुन्हा केला. दगड फोडणं हे राजूरच्या मजुराचं रोजचं काम. कायद्याने त्याची सक्तमजुरी केली. एकाच जिल्ह्यात, दोन साध्या कष्टांवर सरकारने असे दोन शिक्के मारले. गवतावरचा शिक्का अण्यांनी आणि त्यांच्यामागून गेलेल्या माणसांनी पुसला. त्यांची नावं आपण चौकांना दिली, ते योग्यच झालं.

दगडावरचा शिक्का अजून आपल्या जिभेवर आहे. भट्टीच्या तोंडाशी, डोक्याला फडकं गुंडाळून, पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन उभ्या असलेल्या बाईने कोणता गुन्हा केला होता? तिच्या घामावर तिची चूल पेटते आणि आपल्या भिंती उजळतात.

म्हणून एवढंच मागणं आहे. मुलाला धाक घालायचाच असेल तर दुसरं काहीही म्हणा. खडी फोडायला जाशील, असं म्हणू नका. ते कोणाच्या तरी आईचं काम आहे.