तोंड मिटतं तेव्हा

मोतीबिंदू वाढल्यापासून मला कुत्र्याचं तोंड लांबून दिसत नाही. शेपूट दिसते, पाठीवरचे उभे केस दिसतात. पण तोवर उशीर झालेला असतो. समोर दुसरा कुत्रा दिसला की आधी धापा टाकणारं तोंड मिटतं, भार पुढच्या पायांवर येतो, कुत्रा थिजतो. तेवढ्यात वळवला तर वळतो. नंतर खाऊ आणि हाका, दोन्ही वाया.

हा क्षण पकडण्यात माझी हयात गेली. तो का येतो, याचं उत्तर मात्र दर कुत्र्यागणिक निसटतं. कोथरूडमधला एक लॅब्राडोर मोकळा असला की कुणाशीही खेळतो, पट्टा लावला की अंगावर जातो. हे समजतं. मोकळे कुत्रे वळसा घालून, बाजूने येतात, मागून हुंगतात. पट्ट्यावर आपण त्यांना नाकासमोर भिडवतो, वर मालकाची मूठ आवळलेली. पण लांब दोरी आणि भरपूर अंतर देऊनही तो फक्त काळ्या कुत्र्यांवरच का धावतो? काळ्या चेहऱ्यावरचे भाव त्याला वाचता येत नसावेत, असं मी मालकांना सांगतो. शपथेवर सांगणार नाही.

काहींचं उत्तर पिल्लूपणात सापडतं. पिल्लाच्या ओळखीपाळखीचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, असं स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी 1965 मध्येच लिहून ठेवलंय. नेमकं तेव्हाच आपलं पिल्लू पार्व्हो रोगाच्या धास्तीने फ्लॅटमध्ये कोंडलेलं. धास्ती खोटी नाही. पण कडेवर घेऊन रस्ता दाखवायला काय हरकत आहे? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, हा केंद्राचा 2017 चा नियम; तरी पाच आठवड्यांची माझ्याकडे येतातच. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं, हेही त्यांचं शिकून झालेलं नसतं. आणि वयस्क कुत्रा अचानक भांडू लागला, तर कुठे दुखत असेल म्हणून मी आधी खुब्याचा एक्स-रे मागतो.

हल्ली पंधरा दिवसांत हमखास गुण देणारे प्रशिक्षक आलेत, काटेरी पट्टेवाले. गुरगुरणं थांबतं, खरंय. पण गुरगुर ही सूचना असते. ती मारली की पुढे थेट दात.

आता माझी विद्यार्थिनी शेजारी उभी राहते. ती म्हणते, "सर, मिटलं," की मी वळवतो. मालक समोर असले तर तिच्या आधी मीच "मिटलं" म्हणून टाकतो. पुष्कळदा दिसलेलं नसतं. परवा तिने मोबाइलवर सगळं संथ करून दाखवलं. तोंड मिटण्याआधी कान हलले होते. "सर, हे तुम्हाला माहीतच असेल," ती म्हणाली. मी मान डोलावली.

डॉक्टर शस्त्रक्रियेची तारीख मागतायत. मी टाळतोय. लख्ख दिसायला लागल्यावरही ते कान मला दिसले नाहीत, तर मोतीबिंदूचं नाव पुढे करता येणार नाही.