चौकट आणि भिंत

काही पाहुणे न बोलावता येतात आणि दरवर्षी नेमाने येतात. वैशाखातले ऊन, आषाढातली सर्दी आणि आमच्या अवसरी बुद्रुकच्या घरात दाराची चौकट व भिंत यांच्यामध्ये पडणारी फट! चैत्र उजाडला की ती हळूच डोकावते. अक्षय्य तृतीयेपर्यंत तिच्यात रुपयाचे नाणे उभे शिरते. पुढे पाऊस लागतो आणि श्रावणात पाहावे तो तिच्यात नखदेखील जात नाही. मात्र फट मिटते तेव्हा दार रुसते. लावलेले उघडत नाही, उघडलेले लागत नाही.

उपाय झाले नाहीत असे नाही. वडिलांच्या काळी शेणमाती भरली जाई. पुढे सिमेंट आले, त्यापाठोपाठ पांढरीशुभ्र पुट्टी आली. दिवाळीच्या रंगाबरोबर फट बुजवायची आणि शिमग्याला तिथेच केसासारखी रेघ उमटलेली पाहायची, असा परिपाठच पडून गेला. गवंड्याला विचारावे तर तो म्हणे, "सर, लाकूड कच्चं हाय." सुताराला विचारावे तर तो म्हणे, "लाकडाला काय झालंय? भिंतच सरकली!" व्याकरणातले दोन पंडित एका अनुस्वारावरून जितक्या निष्ठेने भांडतात, तितक्याच निष्ठेने हे दोघे भांडत.

खरे म्हणजे दोष कोणाचाच नव्हता. झाड तोडून शंभर वर्षे झाली तरी लाकडाची तहान संपत नाही. दमट हवेत ते पाणी पिऊन फुगते, कोरड्या हवेत आकसते. गंमत अशी, की लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. बदल होतो तो रुंदीत. भिंतीचा स्वभाव निराळा. तिला ऋतू कळतो, पण इतका नाही. आता उन्हाळ्यात फट रुंद असताना तीत सिमेंट ठासले, तर पावसाळ्यात फुगलेले लाकूड त्याचा चुरा करते. पावसाळ्यात भरू म्हटले, तर भरायला फटच नसते. जुन्या वाड्यांतल्या चुन्याला हे बरे जमे. आमच्याच पश्चिमेकडच्या डोंगरांतला हिरडा, गूळ, बेलफळ असे काय काय घालून चुना मळत. तो सिमेंटपेक्षा मऊ. थोडे सोसून घेई. बारीक तडा गेलाच, तर पाण्यात विरघळलेला चुना त्यात पुन्हा साचून तडा आपोआप बुजे.

हे सारे मी कौतुकाने सांगत बसलो असतो; पण गेल्या वैशाखात त्या फटीतून एक विंचू निघाला, तोही आईच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय जगापुढे ठेवला, त्यामुळे कितीतरी जीव वाचले, हे खरे. म्हणून ऐंशीच्या घरातल्या आईशेजारी विंचू नांदू द्यावा, असे मात्र नाही. पुण्याचा धाकटा भाऊ धावत आला आणि म्हणाला, "दादा, या चौकटी उपटून टाकू. लोखंडी बसवू. कटकट जाईल." आई एवढेच म्हणाली, "या उंबऱ्यावरचं माप लवंडून मी या घरात आले. मी आहे तोवर तो हलवू नका." भावाचे खरे होते आणि आईचेही खरे होते. तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

मार्ग काढला गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराने. दिवाळी होऊ द्या, म्हणाला; कार्तिकात लाकूड ना फुगलेले असते, ना सुकलेले. मग त्याने फटीतले जुने सिमेंट खरवडून काढले, आत सुतळी दाबून बसवली आणि वर मंचरहून आणलेले रबरासारखे ताणणारे ॲक्रिलिकचे भरण भरले. सिलिकॉन नको म्हणाला, त्यावर रंग धरत नाही. शेवटी सांध्यावर सागाची अरुंद पट्टी आली. मी दोन खिळे भिंतीत ठोकायला पुढे केले, तेव्हा त्याने माझा हात धरला. "सर, पट्टी चौकटीलाच मारायची. भितीला नाही. दोन्हीकडं खिळलीत तर चिरंल."

हे वाक्य वर्गात सांगण्याजोगे आहे, असे मला तेव्हापासून वाटते. आपण माणसे जोडायला निघतो ती बहुधा दोन्हीकडून खिळे ठोकूनच. थोरल्याने धाकट्याला, मुलाने आईला, गावाने शहराला आपल्याइतकेच फुगावे आणि आपल्याइतकेच आकसावे, असा आपला हट्ट. एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने मोकळे राहण्याची ही सुतारी रीत आपल्याला सुचतच नाही.

पट्टी बसून आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. लाकूड अजून फुगते, आकसते. पट्टी त्याच्याबरोबर भिंतीवरून सुतभर सरकते आणि कोणाला कळतही नाही. आई तिथेच झोपते. भाऊ सुटीत येतो, तेव्हा पट्टीवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "लोखंडी बरी दिसली असती." आई हसते. मीही वाद घालत नाही.